खांबेट्यांचं नाक आणि कोटाचं कपाट

अमेरिकेतल्या नोव्हाय या मोटारींच्या गावातली निम्मी मराठी माणसं गाडीच्या कुठल्या ना कुठल्या अवयवावर पोट भरतात. कुणी ब्रेकवर, कुणी दिव्यांवर, कुणी नुसतंच सॉफ्टवेअरवर. संजय खांबेटे सीटवर होते, म्हणजे सीटच्या आतल्या फोमवर. आता पंधरा-सोळा वर्षं आपण फोम करतो हे चारचौघांत सांगायला काही फार बरं वाटत नाही. समोरचा "अच्छा, गाद्या!" म्हणतो आणि चटणीकडे वळतो. पण खांबेट्यांच्या हातात एक हुकमाचं पान होतं. "तसा मी फोममध्येच," ते म्हणायचे, "पण कंपनीच्या वास पॅनेलवर आहे." चटणीकडे वळलेला माणूस मग परत फिरायचा.

वास पॅनेल ही खरीखुरी भानगड आहे, हसू नका. नवी गाडी उन्हात तापली की फोम, प्लास्टिक, गोंद सगळे आपापला वास सोडतात आणि भरपूर पैसे मोजून आलेलं गिऱ्हाईक नाक मुरडतं. तसं होऊ नये म्हणून फोमचा तुकडा काचेच्या बरणीत घालतात, बरणी भट्टीत तापवतात आणि सहा माणसं एकामागून एक झाकण किलकिलं करून हुंगतात. हुंगून झालं की आकडा द्यायचा. एक म्हणजे वासच नाही आणि सहा म्हणजे पळा. कंपनीत यंत्रं आहेत, कॉम्प्युटर आहेत, पण शेवटचा शब्द नाकाचा.

त्या सहा नाकांत खांबेट्यांचं नाक सगळ्यांत ज्येष्ठ. बढत्या आल्या आणि शेजारच्या क्युबिकलमध्ये गेल्या, बॉस बदलले, बॉसचे बॉस बदलले, पण पॅनेलवरची ती खुर्ची खांबेट्यांकडून कुणी काढून घेतली नाही. खरं सांगायचं तर अमेरिकेत येऊन त्यांच्या एकट्याच्या मालकीचं झालेलं असं तेवढंच होतं; घर बँकेचं होतं आणि मुलगी फोनची होती. त्यामुळे आकडे द्यायची सवय त्यांना घरीदारी लागली होती. मंडळाच्या दिवाळीतल्या श्रीखंडाला त्यांनी दोन दिला होता, लेकीच्या व्हॉलीबॉलच्या बुटांना साडेपाच. बायकोच्या मामेभावाला दिलेला आकडा इथे सांगण्यासारखा नाही. तो त्या मामेभावालाही कळला आणि तेव्हापासून तिकडचं येणं-जाणं जरा कमी आहे.

तर जानेवारीच्या सुरुवातीला पॅनेलची प्रमुख ब्रेंडा खांबेट्यांना कॉरिडॉरमध्ये भेटली. ब्रेंडा अत्यंत गोड बाई. ती म्हणाली, "संजय, अगदी छोटीशी गोष्ट. हल्ली पॅनेलच्या खोलीत एक हलकासा वास असतो. उबदार. भाजल्यासारखा. कदाचित कुणाच्या कोटाला असेल. नो वरीज ॲट ऑल!" आणि खांबेट्यांच्या कोटाकडे एकदाच बघून ती पुढे गेली.

अमेरिकेत एवढी वर्षं काढल्यावर माणसाला एक गोष्ट कळते. इथे "नो वरीज ॲट ऑल" कुणी म्हटलं की काळजी करायला घ्यायची. खांबेटे पार्किंगमध्ये गेले, गाडीत बसले, खिडक्या बंद केल्या आणि स्वतःच्या कोटाची बाही नाकाला लावली. हिंग. मोहरी. कढीपत्ता. आणि खाली कुठेतरी लसणीचं तिखट. घरात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला कोटांचं कपाट, आणि त्या कपाटाच्या पाठीला पाठ लावून स्वयंपाकघर. लोकरीचा कोट नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी फोडणी खात होता.

बरं, वेळ तरी कोणती? पॅनेलची वार्षिक परीक्षा महिनाअखेरच्या गुरुवारी होती. कोटाला वास असेल तर दारातूनच परत पाठवतात, आणि नापास झालं तर खुर्ची दुसऱ्याला. दुसरा तयारच होता. विक्रम नावाचा पुण्याचा मुलगा कंपनीत नुकताच लागला होता. सव्वीस वर्षांचा, एकटा राहणारा, सकाळ-संध्याकाळ दुधात सीरियल घालून खाणारा. त्याच्या घरात वास यायला काही शिजतच नव्हतं! वर तो भर मीटिंगमध्ये खांबेट्यांना "काका" म्हणायचा.

घरी येऊन खांबेट्यांनी झाला प्रकार बायकोला सांगितला. शुभा दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर असते. दिवसभर घाबरलेली माणसं हाताळून तिला कशाचंच फार काही वाटेनासं झालेलं आहे.

"मग कोट वर ठेव," ती म्हणाली. "बेडरूममध्ये."

"ते तात्पुरतं झालं," खांबेटे म्हणाले. "मला रूट कॉज हवाय."

"रूट कॉज आत्ता गॅसवर आहे. पाच मिनिटांत जेवायला बस."

पुढचे दोन दिवस रूट कॉजवर गेले. फोडणीशिवाय वरण करता येईल का, असं खांबेट्यांनी एकदाच विचारलं. त्यावर शुभाने त्यांच्याकडे असं पाहिलं की तो विषय कायमचा मिटला. मग त्यांनी गॅसवरच्या हुडाकडे मोर्चा वळवला. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असतो तसाच तो निघाला. समोरून धूर ओढतो आणि कपाळाच्या उंचीवरून परत आपल्याच तोंडावर सोडतो. धूर बाहेर सोडायचा तर बाहेरच्या भिंतीला भोक पाडावं लागणार, आणि भोकाला सोसायटीची परवानगी लागणार. सोसायटीच्या कमिटीला फोन केला तेव्हा तिथली बाई म्हणाली की भोकाचा विषय एप्रिलच्या बैठकीत घेता येईल, पण भोकावरच्या झाकणाचा रंग आधी मंजूर करून घ्यावा लागेल आणि रंगाची बैठक मार्चमध्ये आहे.

एप्रिलपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. अशा अडचणीच्या वेळी खांबेटे लांजेवारांना फोन करतात. लांजेवार नागपूरचे. शहरातल्या प्रत्येक दुकानात कुठल्या दिवशी कशावर किती सूट आहे हे त्यांना तोंडपाठ.

"एवढं टेन्शन काऊन घेता भाऊ?" लांजेवार म्हणाले. "वासावर वास टाका! तो मोठ्या हॉटेलात शिरल्यावर येते ना, तसा वास आता मेणबत्तीत भेटते. महागाची डिट्टो कॉपी, अन् किंमत दोन कॉफ्यांची. चला, दाखवतो तुम्हाले."

खांबेट्यांना ते एकदम पटलं. गाडीतला आवाज मारायला स्पीकरमधून उलटा आवाज सोडतात, मग वासाला वासाने का मारता येऊ नये? नाकाच्या शास्त्रात असं काही चालत नाही, हे सोळा वर्षं पॅनेलवर बसलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. पण शास्त्र ऑफिसात असतं आणि घरी लांजेवार असतात.

त्या दुकानात मागच्या बाजूला एक अख्खी गल्ली सुगंधांची होती. मेणबत्त्या, काड्या खोचलेल्या तेलाच्या बाटल्या, भिंतीच्या प्लगात खोचायचे दिवे, उशीवर मारायचे फवारे आणि अत्तरं. अत्तरांवर 'अमुकतमुकवरून प्रेरित' असं निर्लज्जपणे छापलेलं. खांबेट्यांनी पहिल्या मेणबत्तीचं झाकण उघडलं आणि ते जागच्या जागी थांबले. अहो, खरंच मोठ्या हॉटेलचा वास! कंपनीने एकदाच शिकागोला नेलं होतं, त्या हॉटेलच्या लॉबीचा. सोळा वर्षं तापलेला फोम हुंगलेल्या नाकाला जगात असंही काही असतं याचा पत्ताच नव्हता. त्यांचे डोळे चक्क पाणावले.

मग मात्र त्यांच्यातला तज्ज्ञ जागा झाला. पॅनेलवर एक पद्धत असते. नाक थेट बरणीत घालायचं नाही, हाताने वारा घेऊन वास नाकाकडे आणायचा, आणि दर दोन वासांनंतर स्वतःचं कोपर हुंगायचं, म्हणजे नाक परत कोरं होतं. खांबेट्यांनी ती अख्खी गल्ली पद्धतशीर घेतली. वारा, वारा, कोपर. वारा, वारा, कोपर. मधूनमधून "तीन!" "सव्वादोन!" असं मोठ्याने. थोड्या वेळाने दुकानाचा सुरक्षारक्षक शेजारी येऊन उभा राहिला आणि सर बरे आहेत ना, कुणाला फोन करायचा आहे का, असं हळू आवाजात विचारू लागला. "आय ॲम अ सर्टिफाइड नोज," खांबेटे म्हणाले. रक्षक दोन पावलं मागे सरकला. लांजेवार तोवर दुसऱ्या गल्लीत जाऊन हा माणूस आपल्या ओळखीचाच नाही अशा थाटात मोजे बघत होते.

त्या दिवसापासून खांबेट्यांना वेड लागलं म्हणा ना. रोज ऑफिसातून परस्पर दुकानात. घरी प्रत्येक प्लगात एकेक दिवा लागला. टोस्टर लावायचा तर आधी लॅव्हेंडर काढावा लागे. बाथरूममध्ये 'समुद्राची झुळूक', जिन्यात 'धुतलेलं सुती कापड', बेडरूमच्या कपाटात 'काश्मिरी लाकूड'. काश्मीरमध्ये कुणी जाऊन आलं असेल तर सांगा, तिथल्या लाकडाला बिस्किटाचा वास येतो का?

मुलगी अनिका शाळेतून आली आणि दारातच थबकली. "बाबा," ती म्हणाली, "इट स्मेल्स लाइक अ मॉल हॅड अ पॅनिक अटॅक."

"आणि फोडणीचा येतोय?"

"येस. दॅट टू."

शुभा "कोट वर ठेव" एवढंच म्हणाली.

एखादी विद्या आली की ती स्वतःपाशी ठेवणं खांबेट्यांना जमत नाही. पलीकडच्या गल्लीत देवयानी काकू राहतात. नोव्हायमध्ये मराठी माणूस म्हणून त्या पहिल्या आल्या असं त्याच सांगतात, आणि तेव्हा दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्यांना खोटं पाडणारंही कुणी नाही. त्या सहज डोकावल्या तेव्हा खांबेट्यांनी हाताने वारा घेतला आणि म्हणाले, "काकू, तुम्ही जे अत्तर लावलंय ना, डिट्टो तेच दुकानात दोन कॉफ्यांच्या भावात मिळतं! मला तर फरकच कळला नाही."

काकूंचा चेहरा पडला. "हे माझ्या मुलाने, वीरने, पॅरिसच्या एअरपोर्टवरून आणलंय," त्या म्हणाल्या.

"तेच तर! कशाला एवढे घालवायचे?"

काकू चहा न घेता गेल्या. जाताना "घरात धूप घाल, शुभा, कसलातरी वास येतोय" असा सल्ला मात्र देऊन गेल्या.

आता घरात आणलेल्या वासांपैकी निम्मे कुणालाच आवडले नव्हते. व्हॅनिलाने शुभाचं डोकं चढायचं, 'शरदातली पानं' लावलं की अनिका शिंकायची. दुकान परत घेईना, कारण सगळा माल फायनल सेलचा. "टाकून दे," शुभा म्हणाली. पण टाकणार कसं? भरल्या बाटल्या! ज्या घरात उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो, उरलेल्या पोळीचा चिवडा होतो आणि उरलेल्या भाज्यांचं थालीपीठ होतं, त्या घरातला माणूस भरली बाटली कचऱ्यात टाकू शकत नाही. त्याच्या हातून ते होतच नाही. त्यातच लांजेवारांनी सुचवलं की घर गरम करणाऱ्या बेसमेंटमधल्या फर्नेसच्या फिल्टरवर सुगंधाचे दोन थेंब टाकले तर घरभर सारखा वास जातो. दोन थेंब, असं लांजेवार म्हणाले होते. त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं.

शनिवारी शुभाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वीस-पंचवीस बायका येणार. खांबेट्यांनी विचार केला, आजच मुहूर्त आहे. सकाळी ते बेसमेंटमध्ये गेले आणि नावडत्या सगळ्या बाटल्या एका पातेल्यात ओतल्या. व्हॅनिला, समुद्र, शरदातली पानं, भोपळ्याची मिठाई, कसलंतरी 'मध्यरात्रीचं' काहीतरी. चमच्याने ढवळून ते मिश्रण त्यांनी फिल्टरला नीट सगळीकडून पाजलं. वाया काही गेलं नाही याचं समाधान मनात घेऊन ते वर आले. तेवढ्यात शुभाने गुलाबदाणी भरायला सांगितली. गुलाबपाणी संपलं होतं. घरात गुलाबाचा फवारा होता. बाटलीवर चादरी-उशांसाठी असं लिहिलं होतं, पण गुलाब तो गुलाब.

बाहेर उणे पंधरा. फर्नेस अखंड चालू. खिडक्या बर्फाने चिकटलेल्या. बायका पैठण्या नेसून आल्या, त्यांचे कोट खांबेट्यांनी स्वतः हौसेने कपाटात लावले आणि प्रत्येकावर 'धुतलेलं सुती कापड' एकेकदा मारलं. देवयानी काकू पॅरिसचं अत्तर आज दुप्पट लावून आल्या होत्या आणि खांबेट्यांकडे न बघता आत गेल्या.

सुरुवातीला नुसत्या शिंका आल्या. मग गुलाबदाणी फिरली आणि एक बाई म्हणाली की तिळगुळाला साबणाची चव लागते आहे. मग फर्नेसने जोर धरला. जमिनीतल्या जाळ्यांमधून ते पातेलं घरभर वर येऊ लागलं. शुभाने बटाटेवड्यांचं तेल तापत ठेवलं होतं, त्याचा वास त्यात मिसळला. कुणाचे डोळे चुरचुरले, कुणाचं डोकं गरगरलं, कुणीतरी "गॅस! गॅस लीक होतोय!" म्हणून ओरडलं, आणि सगळ्या पैठण्या हातात हळदीकुंकवाची तबकं घेऊन ड्राइव्हवेवर बर्फात उभ्या राहिल्या.

समोरच्या घरातल्या कॅरलने खिडकीतून ते पाहिलं आणि तत्परतेने गॅस कंपनीला फोन लावला. पिवळ्या जाकिटातला माणूस हातात यंत्र घेऊन आला. त्याने दारात उभं राहून एकदाच श्वास घेतला, खोकला आणि खांबेट्यांना नेहमीचा प्रश्न विचारला, "सर, तुम्हाला गॅसचा वास येतोय का?"

सगळ्या बायका खांबेट्यांकडे बघू लागल्या. वास पॅनेलचं ज्येष्ठ नाक म्हणून या माणसाने त्यांच्या प्रत्येकीच्या श्रीखंडाला, वरणाला आणि नवऱ्याच्या मोज्यांना आकडे दिले होते. खांबेट्यांनी हाताने वारा घेतला. कोपर हुंगलं. परत वारा घेतला.

"मला सांगता येत नाहीये," ते म्हणाले.

गॅस नव्हताच. त्या माणसाने फर्नेसचा फिल्टर दोन बोटांनी धरून बाहेर काढला, कुणाला काही न विचारता अंगणात नेऊन ठेवला आणि फर्नेस बंद करून घर हवेशीर होईपर्यंत आत कुणी बसू नये असं सांगून गेला. शुभाच्या डोळ्यांत पाणी होतं. महिनाभर तयारी केली होती तिने. पण देवयानी काकूंनी पदर खोचला. "हळदीकुंकू अर्धवट टाकून कुणीही जायचं नाही!" त्या म्हणाल्या. "गॅरेज उघडा." मग गाड्या बाहेर काढल्या, बायका बर्फात वापरायच्या टायरांवर आणि पिकनिकच्या बर्फपेट्यांवर बसल्या, अनिकाने एक हीटर आणून लावला, वडे बाहेर आले आणि वाण लुटलं गेलं. उखाणे इतके रंगले की तसं हळदीकुंकू नोव्हायमध्ये त्या वर्षी दुसरं झालं नाही. खांबेटे मात्र आत सगळ्या खिडक्या ठोकून ठोकून उघडून, मफलर गुंडाळून, एकेक प्लग काढत फिरत होते. रविवारभर ते व्हिनेगर घेऊन भिंती पुसत होते. दोन दिवसांनी सोसायटीचं पत्र आलं की गॅरेजमध्ये समारंभ करायला परवानगी लागते. भिंतीच्या भोकाला ज्यांना एप्रिल उजाडत होता, त्यांना पत्र पाठवायला दोन दिवस पुरले.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. खांबेट्यांना वास येईनासा झाला. रविवारी नाही आला, सोमवारी चहाचा नाही, मंगळवारी अनिकाच्या बुटांचाही नाही. ते एकदा बूट हातात धरून जिन्यात बसलेले शुभाला दिसले. "थकलंय नाक. येईल परत," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने कोटाचा विषय काढला नाही, त्यामुळे ते जास्तच घाबरले.

गुरुवारी त्यांनी बिनवासाच्या साबणाने अंघोळ केली आणि नवेकोरे कपडे घातले. कोट ड्रायक्लीन करून आणला होता आणि आता तो घरात न येता पिशवीत घालून गाडीच्या डिकीतच राहायचा. दारात ब्रेंडाने त्यांच्याभोवती एक फेरी मारली आणि आनंदाने म्हणाली, "काहीच नाही! परफेक्ट!" कोट पास झाला. आता राहिलं नाक.

समोर सहा बरण्या. शेजारच्या टेबलावर त्याच क्रमाने लावलेल्या तशाच बरण्यांपुढे विक्रम, त्याची पहिलीच परीक्षा. खांबेट्यांनी पहिलं झाकण किलकिलं केलं. काही नाही. दुसरं. काही नाही. त्यांच्या नाकाला सहाच्या सहा बरण्या एक होत्या, आणि सहाही बरण्या एक असणारी परीक्षा कुणी काढत नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात शेजारी विक्रमने तिसरं झाकण उघडलं आणि चटका बसल्यासारखी मान मागे नेली. पाच. साधा हिशोब. चौथ्याला त्याच्या भुवया जेमतेम हलल्या. दोन. पोराचा चेहरा म्हणजे उघडी उत्तरपत्रिका होती. कुणालाही कळलं नसतं. खांबेट्यांनी पेन उचललं, तिसऱ्या बरणीपुढे नेलं आणि तिथेच धरून बसले. सोळा वर्षांत त्यांनी एकही आकडा खोटा दिला नव्हता. मामेभावाचासुद्धा नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ब्रेंडा," ते म्हणाले, "मला काहीच वास येत नाहीये."

"ओह, संजय," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस." खांबेट्यांनी सवयीने त्या वाक्याचा खरा अर्थ शोधून पाहिला, पण त्यात दुसरं काही लपलेलं नव्हतं. फेरपरीक्षा एप्रिलमध्ये. तोवर खुर्ची विक्रमची.

त्या शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात विक्रम, हातात पेढ्यांचा खोका, तोंड ओशाळलेलं. "काका, मला फार विचित्र वाटतंय," तो म्हणाला. "मी मुद्दाम नाही केलं."

"अरे, मुद्दाम पास होतात का कधी," खांबेटे म्हणाले. आवाज त्यांना वाटला तेवढा खेळकर आला नाही.

"बाहेर काय उभा, आत ये," शुभा आतून म्हणाली. "आमटी-भात आहे. जेवूनच जा."

आमटी म्हटल्यावर त्या पोराचं तोंड बघायला हवं होतं! येऊन सहा महिने झाले होते आणि त्याने आमटी फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिली होती. त्याने कोट काढला, कपाटात लावला आणि टेबलाशी जाऊन ताठ बसला. आत कढल्यात मोहरी तडतडली, शुभाने हिंग टाकला, आणि सोफ्यावर बसलेल्या खांबेट्यांच्या नाकात अचानक काहीतरी शिरलं.

हिंग! मग मोहरी, मग कढीपत्ता, एकामागून एक, ओळखीची माणसं दारातून आत यावीत तसे सगळे आले. खांबेट्यांना वाटलं उठून शुभाला सांगावं. परीक्षा गुरुवारी झाली होती आणि नाक शनिवारी परत आलं होतं, पण आलं होतं!

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ते कपाटाकडे बघताहेत. विक्रमचा कोट. जाड लोकर, कपाटाच्या पाठीला टेकलेला, आणि पलीकडे आमटी. काही करायची गरज नव्हती. नुसतं बसून राहायचं होतं. पोरगं आता दर शनिवारी येणार हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. तीन शनिवार, फार तर चार, की ब्रेंडा त्याला कॉरिडॉरमध्ये गाठणार आणि "नो वरीज ॲट ऑल" म्हणणार. खुर्ची चालत घरी आली असती. खांबेटे पाय हलवत बसले. हिंगाचा वास आणखी गडद झाला.

"छ्या!" ते मोठ्याने म्हणाले आणि उठले. त्यांनी कोट काढला आणि जिना चढून बेडरूममध्ये नेला. तिथलं कपाट उघडल्याबरोबर काश्मिरी लाकूड अंगावर आलं. त्यांनी दार लावून घेतलं. खाली येऊन गॅरेज पाहिलं, तिथे अजून पॅरिस होतं. शेवटी त्यांनी मागचं दार उघडलं आणि कोट डेकवर, बर्फ काढायच्या फावड्याच्या दांड्यावर, उघड्या आभाळाखाली टांगला.

शुभा कढलं हातात घेऊन खिडकीतून बघत होती. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय," ती म्हणाली, "कोट वर ठेव."

"तू वर म्हणाली होतीस," खांबेटे म्हणाले. "मी बाहेर ठेवलाय."

विक्रम तीनदा भात घेऊन जेवला. निघताना कोट आत आणला तेव्हा तो पापडासारखा कडक झाला होता आणि बाह्या वाकत नव्हत्या. "काका, हा बाहेर का ठेवलात?" तो दात वाजवत म्हणाला.

"थांब. हलू नकोस." खांबेट्यांनी हाताने वारा घेऊन कॉलरचा वास नाकाकडे आणला. मग आपलं कोपर हुंगलं, तिथे आमटी होती. मग पुन्हा कॉलर, आणि खात्री करायला आणखी एकदा.

"एक," ते म्हणाले. "नीट गाडी चालव. आणि सोमवारी पॅनेलवर आलास की असाच आत जा."